पेचावरची लाल रेघ

भाऊजी,

मागच्या रविवारी, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी तुमच्याबद्दल बोलायला उभा राहिलो आणि खोटं बोललो. त्याआधी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीपाशी, माझा आवाज बसला होता. लोकांना वाटलं, मेव्हणा रडतोय. मग हातात माईक आला आणि मी तीच गोष्ट सांगितली, जी आपल्या घरात वीस वर्षं सांगितली जाते. रेल्वेचा एक फिटर पन्नाशी उलटल्यावर बर्फावर स्कीइंगला गेला, पाय मोडून परत आला, तरी कुणाला दोष न देता म्हणायचा, "बाइंडिंग बरोबर होती, मीच चुकलो." लोकांनी माना डोलावल्या. ताई पहिल्या रांगेत होती. ती माईकशिवाय सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "कोणाचं ऐकत होते का ते!"

तुम्ही चुकला नव्हता, भाऊजी. तुमच्या स्कीवरच्या त्या बाइंडिंगचा पेच मी फिरवला होता. तुमच्या नकळत. आणि तुमचा पाय मोडल्यावर, कुणी बघायच्या आत, मीच तो परत जागेवर आणला होता.

हे तुमच्यासमोर बोलायला मला वीस वर्षं मिळाली होती. दर रविवारी मिळत होती.

आज लिहायला बसलो तर आधी आठवतात ते चांगलेच दिवस. रायपूर राजधानी झालं तेव्हाचे. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय आलं होतं, पाट्या रंगवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि माझ्या कार्यालयात रोज नवा शिक्का यायचा. प्रत्येक खेळाचा प्रदेश संघ निघत होता. आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, आठ-दहा जणांनी डोंगर चढायची एक संस्था काढली होती. मी तिचा सचिव, कारण अर्ज लिहिता येणारा मी एकटाच. एक दिवस पत्र आलं: बर्फ न पडणाऱ्या राज्यांसाठी उत्तरांचलात दहा दिवसांचं स्कीइंगचं शिबिर, दोन माणसं पाठवा, सामान आपापलं आणा. उत्तरांचल आपल्याहून आठ दिवसांनी लहान राज्य. तुम्ही पत्र ऐकून म्हणालात, "धाकट्यानं बलावलं आहे. जा लागते."

सामान दिलं शेजारच्या निवृत्त फौजींनी. स्कीच्या लांब पट्ट्यांच्या दोन जोड्या, एकही भोक न पडलेल्या. दोन जोड बूट. आणि एका पत्र्याच्या डब्यात बाइंडिंग, म्हणजे बुटाला पट्टीवर धरून ठेवणारे दोन जबडे, एक बोटांपाशी, एक टाचेशी. सोबत एक पातळ इंग्रजी पुस्तिका. फौजी म्हणाले, "फिट करनेवाला ढूँढ लो." रायपुरात तसा माणूस एकच होता. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात तीस वर्षं नट-बोल्ट आवळलेले तुम्ही.

क्वार्टरच्या अंगणात ताईच्या वाळत घातलेल्या मिरच्या सरकवून तुम्ही पट्ट्या मांडल्यात. मला वाटलं, दुपारपर्यंत काम आटपेल. तुम्ही आठ दिवस नुसतं मोजत होता. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून भोकांचा साचा केलात. तो पट्टीच्या मधल्या रेघेवर ठेवायचा, बूट ठेवून बघायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. ड्रिलच्या टोकाला किती खोल जायचं तिथपर्यंत काळी टेप गुंडाळलीत. मी कंटाळून म्हणालो, "भाऊजी, मारा ना एकदाचं."

"भोक एकदाच पडते, मिलिंद. लाकूड दुसऱ्यांदा माफ नाही करत."

मी तेव्हा हसलो होतो.

पुस्तिका मी वाचायचो आणि तुम्हाला मराठीत सांगायचो. स्प्रिंग किती ताणायची ते एका तक्त्यावरून ठरत होतं, आणि तक्त्याला वजन हवं होतं, उंची हवी होती, बुटाच्या तळव्याची लांबी हवी होती, शिकाऊ आहात की सराईत ते हवं होतं, आणि वय. वजनासाठी आपण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेलो. तुम्ही चपला काढून मोठ्या काट्यावर उभे राहिलात आणि पार्सलबाबूला म्हणालात, "अब बुक कर दो बिलासपुर, नाजुक माल लिखना." तो बाबू इतका हसला की त्याला आकडा दोनदा वाचावा लागला.

वयाचा वाद मात्र घरी झाला. मी रकान्यात लिहून मोकळा झालो होतो, अठ्ठेचाळीस.

"काय लिहून राहिला?"

"तुमचं वय. सर्व्हिस बुकात तेच आहे."

"ते हेडमास्तरचं वय आहे. मले शाळेत टाकलं तवा बापाले तारीख मालूम नोती. मास्तरनं एक जुलै लिहून देली. मायच्या सांगण्यानं मी एक्कावन पुरा आहो."

"पण कागदावर तर..."

"साले साहब, माहं हाड कागद वाचते का?"

मी बाबू माणूस. दिवसभर दाखल्यावरचं वय दुसऱ्या कागदावर उतरवणारा. कुणाचं खरं वय वेगळं असू शकतं हे ठाऊक असूनही ते लिहायचं असतं असं मला कधी सुचलंच नव्हतं. पुस्तिकेत होतं की पन्नाशी ओलांडलेल्याला तक्त्यात एक ओळ कमी धरा. दाखल्याच्या वयानं तुमचा आकडा येत होता पाच, खऱ्या वयानं चार. चार ऐकून मला अपमान वाटला, जणू कुणी तुम्हाला म्हातारं म्हटलं. मी म्हणालो, जरा घट्ट असलेलं बरं, एवढ्या उंचावरून निसटलं तर?

त्यावर तुम्ही जे बोललात ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. "डब्याची जोडणी सुटली त माणसं मरते. थे मी जिंदगीभर आवळत आलो. इथं उलटं आहे. इथं पडल्यावर सुटलं नाही त पाय जाते. आवळाले तर कोणालेई येते रे. किती आवळाचं नाही, हे कारीगरी आहे."

आकडा चारवर लावलात. बुटाला बाजूनं तळहाताचा दणका दिलात, खट् करून बूट बाहेर. पुन्हा बसवलात, पुन्हा दणका, पुन्हा खट्. माझ्या जोडीचंही तसंच केलंत. मग आत जाऊन ताईच्या कपाटातून नेलपॉलिशची लाल शिशी आणलीत. कारखान्यात बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत तुम्ही लोक रंगाची एक रेघ ओढता. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते. पाना न लावता, नुसत्या नजरेनं कळतं. तशी रेघ तुम्ही पुढच्या-मागच्या सगळ्या पेचांवर ओढलीत.

ताई ओरडली, "माही नवी शिशी! लगनात लावाले आणली होती!"

"त लावली ना. माह्याच लगनाची आहे हे तयारी," तुम्ही म्हणालात.

गाडीत त्या पट्ट्या पाहून एका बाईनं विचारलं होतं, "भैया, ये पलंग की पाटी है क्या?" तुम्ही गंभीर चेहऱ्यानं हो म्हणालात आणि मग तिच्याशी सागवानाबद्दल बोलत बसलात. आणि तो पहिला बर्फ. बाकीचे लोक एकमेकांवर फेकत होते. तुम्ही एक मूठ उचलून दोन बोटांत चोळून पाहिलंत, कारखान्यात ग्रीस पाहता तसं. म्हणालात, "बारीक आहे. बुटाखाली चिकटीन." आणि खरंच, रोज मला पट्टीवर पाय ठेवू देण्याआधी तुम्ही माझ्या बुटाचा तळवा चमच्यानं खरवडायचात. मी एकतीस वर्षांचा, सरकारी नोकर, एका पायावर तुमच्या खांद्याला धरून उभा. सहा वर्षांचा होतो तेव्हा ताईच्या लग्नात तुमच्या खांद्यावर बसून फिरलो होतो, अगदी तसंच वाटायचं.

रोज सकाळी, चहा झाला की, तुमचा प्रश्न ठरलेला, "रेघ पाह्यली का?" आणि मी काहीही म्हणालो तरी तुम्ही स्वतः वाकून पाहायचात.

पाचव्या दिवशी तुम्ही चार वेळा पडलात. चारही वेळा पट्टी पायातून सुटली, आणि तुम्ही एका पायावर लंगडत तिच्या मागे गेलात. वर उभ्या असलेल्या पोरांपैकी एकजण ओरडला, "छत्तीसगढ़ की गाड़ी फिर पटरी से उतर गई!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "उतरली म्हणून त पाय वाचला," असं माझ्याकडे पाहून म्हणालात. मला हसू आलं नाही. ज्या माणसाच्या हाताखालून गेलेला डबा कधी रुळावरून घसरला नाही, त्याला हे ऐकावं लागतंय, याची मलाच लाज वाटली. तुमच्या वतीनं लाज वाटून घ्यायचा अधिकार मला कुणी दिला होता, माहीत नाही.

सहाव्या सकाळी तुम्ही चहाला गेलात आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. दोन्ही पट्ट्यांचा पुढचा पेच फिरवला. आधी पाचवर आणला. मनात म्हणालो, हे तर सरकारी वयाप्रमाणेच आहे, यात चूक काय? मग तिथं हात थांबला नाही. सहावर गेला. रेघ तुटली होती. मी तिच्यावर चिमूटभर बर्फ दाबला.

तुम्ही परत आलात. त्या दिवशी उशीर झाला होता, प्रशिक्षक शिट्टी वाजवत होता.

"रेघ पाह्यली का?"

"हव," मी म्हणालो.

आणि तुम्ही वाकला नाहीत. सहा दिवसांत एकदाच, माझ्या शब्दावर.

तुम्ही वेगात नव्हता. जवळजवळ थांबला होतात. उजवी पट्टी आडवी वळली, तुम्ही मागे कललात, आणि पाय पट्टीसोबत वळला. हाडाचा आवाज मी ऐकला. पोहोचलो तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते, ओठ पांढरे. तुम्ही इतकंच म्हणालात, "सुटली नाही रे."

तुम्हाला घसरगाडीवर घालून खाली नेलं. पट्ट्या उचलून आणायचं काम माझ्याकडे आलं. एका देवदाराच्या आड थांबून मी दोन्ही पुढचे पेच परत चारवर आणले. खाली प्रशिक्षकानं आकडा पाहिला, पुस्तिकेशी ताडला आणि म्हणाला, सेटिंग सही है. तुम्ही स्ट्रेचरवरून माझ्याकडे पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत. मग त्याला म्हणालात, "गलती मेरी थी, सर. मेरे साले ने तो बराबर चेक किया था."

नडगी तिरपी जुळली. तुम्हाला कारखान्यातून काढून स्टोअरच्या टेबलावर बसवलं. ज्या हातांनी साचे कापले ते हात सुट्या भागांच्या चिठ्ठ्या फाडू लागले. मांडी घालून बसणं बंद झालं. जेवायला सगळे खाली बसायचे आणि तुम्ही स्टुलावर. दर रविवारी मी समोर असायचो. ताई ताट देताना म्हणायची, "बसा राजे, बसा खुर्चीवर. पंख फुटले होते ना बरफावर." सोनू, तुमची लेक, मोठी झाल्यावर तिच्यावर चिडायची, "मम्मी, कितनी बार बोलोगी यार?" तुम्ही हसून म्हणायचात, "बोलू दे. तिची नेलपॉलिश गेली आहे." आणि मी खाली मान घालून भातात वरण कालवायचो. पाय मी मोडला ते एका सकाळचं काम होतं. पण ही बोलणी मी तुम्हाला वीस वर्षं ऐकू दिली, रविवारमागून रविवार, पोटभर जेवून.

पट्ट्या तुम्ही बैठकीच्या भिंतीला टांगल्या होत्या. दर दिवाळीत पुसायचात. कुणी नवा पाहुणा आला की त्याला उजवी पट्टी दाखवून सांगायचात, "हे पाहा, रेघ सलग आहे. बसवण्यात चूक नोती. चुकलो थो मी." पाहुणा जवळ जाऊन पाहायचा. मी कधी गेलो नाही. ती रेघ जवळून पाहायची माझी हिंमत नव्हती. आणि सलग आहे म्हणता, म्हणजे मी पेच इतका नेमका परत आणला, असं मी स्वतःला समजावलं होतं. जणू तुमच्या नजरेतून काही सुटणार होतं!

काल ताईनं बोलावलं. त्या खिळ्यांवर तुमचा फोटो लावायचा होता. मी स्टुलावर, तुमच्याच स्टुलावर, चढून पट्ट्या उतरवल्या. सोनूनं विचारलं, "मामा, इसको रखना है कि किसी को देना है?" मी उत्तर देणार तोच उजवी पट्टी खिडकीच्या उजेडात आली.

रेघ लाल नव्हती, भाऊजी. गुलाबी होती. पुढच्या पेचावर तेवढीच गुलाबी, बाकी सगळ्या लाल. मी नख लावून पाहिलं. गुलाबीच्या खाली लाल रेघ होती, दोन तुकड्यांत, मधे तिळाएवढं अंतर. डाव्या पट्टीवरही तेच.

"ताई," मी म्हणालो, "भाऊजींनी ही रेघ पुन्हा कधी ओढली?"

"मले काय मालूम रेघा-बिघा." मग तिला आठवलं. "दवाखान्यातून घरी आणलं ना, मांडीपर्यंत प्लास्टर होतं. या माणसानं पहिले पाणी नाही मागितलं. म्हणे, नेलपॉलिश दे आणि थ्या पट्ट्या इकडे आण. मी म्हटलं, आता पायाले लावता का? लाल त होतीच कुठं, सोनूची गुलाबी होती, थेच देली. काहून?"

मी खाली बसलो. आणि सांगितलं. दाखल्याचं वय, पोरांचं हसणं, पाच, सहा, बर्फाची चिमूट, हव, देवदाराचं झाड. सगळं. सोनू दारात उभी होती, ती आत निघून गेली.

ताईनं उजवी पट्टी ओढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी जसं होतं तसं करून दाखव मले."

मी तुमचा स्क्रू ड्रायव्हर आणला. पेच सहावर नेला. गुलाबी रेघ चट् करून तुटली. ताईनं कपाटावरून तुमचा बूट काढला, मी तो बसवला, आणि तिला सांगितलं, इथं बाजूनं दणका द्यायचा. तिनं दिला. बूट हलला नाही. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी.

"आता त्यायच्या आकड्यावर आण."

चारवर आणला. तिनं एक दणका दिला, आणि खट् करून बूट सुटून तिच्या मांडीवर पडला. तिनं तो तसाच धरून ठेवला, पोटाशी.

"वीस वर्षं मी त्यायले बोलली," ती म्हणाली. "खाली बसता नाही आलं, बोलली. सोनूच्या लगनात वरातीत नाही चालले, बोलली. तू समोर जेवत होता."

"हव."

"त्यायले मालूम होतं."

"हव."

"मंग मले काहून नाही सांगितलं त्यायनं?"

रात्रभर मीही तुम्हाला तेच विचारलं. मला वाचवण्यासाठी तुम्ही रेघ जोडलीत, की मी आपण होऊन बोलेन म्हणून वाट पाहिलीत? पाहुण्यांना रेघ दाखवायचात तेव्हा माझ्याकडे एक नजर टाकायचात. ती मला विश्वासाची वाटायची. आता वाटतं, तुम्ही रोज सकाळसारखंच विचारत होता.

ताई उठताना एवढंच म्हणाली, "माइकवर खोटं बोलला. आता वर्षाच्या कार्यक्रमात सगळ्याईसमोर खरं बोल."

"नाही जमणार, ताई. आवाज नाही फुटणार."

"मंग लिहून दे. मी वाचीन."

म्हणून हे लिहितोय. तुमचा फोटो ताईनं दुसऱ्या भिंतीवर लावायला सांगितला. पट्ट्या होत्या तिथंच पुन्हा टांगल्या, फक्त हातभर खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतील अशा. पेच तुमच्या आकड्यावर आहे. नवी रेघ ओढू का, असं मी विचारलं तर ताई नाही म्हणाली. मग तिनं वाढलं. एक शब्द न बोलता वाढलं, आणि मी त्या भिंतीकडे तोंड करून जेवलो.

भाऊजी, त्या सकाळी तुम्ही विचारलं होतं, रेघ पाहिली का.

आता पाहिली. तुटलेली आहे.